पलंगावरची चूल

११ फेब्रुवारी, रविवार

ही वही माझी नाही. म्हणजे दिली मलाच आहे, पण पत्ते लिहायला. हुस्ना आपा म्हणाल्या, आपण रोज कुठं गेलो, कोण भेटलं, कोण नाही, ते लिहून ठेवत जा, माझ्या लक्षात राहत नाही. मी सांगितलं की माझी पाचवीच झाली आहे, आणि तीही अर्धी, कारण वर्ष संपायच्या आत शाळा नदीत गेली. तर म्हणतात, अर्धी पाचवी पुष्कळ झाली. पत्ते पानाच्या एका बाजूला लिहितो. दुसरी बाजू कोरी राहते ती बघवत नाही, म्हणून तिथं हे.

काम असं. शांतिनगरला तिसऱ्या मजल्यावर ही म्हातारी एकटी राहते. अठ्ठावीस मार्चला विमानानं मुलीकडं टोरंटोला जाणार, कायमची. तोवर रोज नऊ ते एक माझी सायकलरिक्षा तिला बांधलेली. पहिल्या दिवशी मी तिला खालाम्मा, म्हणजे मावशी, म्हणालो, तर गेटवरचा दरवान माझ्यावरच खेकसला, आपा म्हण. सत्तरी उलटलेल्या बाईला ताई म्हणायचं. ढाक्याची तऱ्हाच निराळी.

जुळवून दिलं बदरू महाजनानं. त्याच्या गॅरेजातली रिक्षा मी ओढतो आणि त्याच्याच माडीवर फळ्यांवर झोपतो. म्हणाला, "दीड महिना एका जागी टिकशील का रे मफीझ?" माझं नाव आतोवार, पण आम्हा उत्तरेकडच्यांना इथं सरसकट मफीझ म्हणतात, अर्थ विचारू नये. पण त्याचंही खरं आहे. तीन वर्षांत वीटभट्टी झाली, शर्टाला काजं करून झाली, लाँचवर मासे साफ करून झाले. आई म्हणते, पायाला भिंगरी घेऊनच जन्मलास. आता शेजारच्या फळीवरचा आलम आणि मी मार्चमध्ये कॉक्स बाझारला जाणार, त्याचा चुलतभाऊ तिथं हॉटेलात आहे. म्हणजे आपाही जाणार, मीही जाणार. बरं जमलं.

आपा पूर्वी टीव्हीवर मुलांना चित्रं शिकवायच्या. मुलं पोस्टानं चित्रं पाठवायची. त्याच्या तीन पेट्या घरात आहेत. ज्यांवर पत्ता आहे ती चित्रं ज्याची त्याला परत द्यायची, स्वतःच्या हातानं. मी म्हटलं, पोस्टानं पाठवा की. म्हणाल्या, विश्वासानं दिलेली वस्तू अशी परत करत नाहीत. वय झालं की माणूस असं बोलतो. मुलं म्हणे. त्या मुलांना टकलं पडलीत.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आज घाबरलो. काकराईलच्या मोठ्या रस्त्यावर रिक्षाला बंदी आहे, पण आतून गेलं तर तासभर मोडतो म्हणून घातली. ट्राफिक पोलिसानं काठी आडवी टाकली. चाकातली हवा सोडायला तो वाकला आणि वाकल्या वाकल्या त्याची नजर मागे आपांवर गेली. काठी काखेत मारली आणि दोन्ही तळहात पुढं केले. मग उलटे करून नखं दाखवली. एवढा मिशीवाला माणूस. आपा टपाखालून वाकल्या, नीट बघितलं आणि म्हणाल्या, अंगठ्याचं वाढलंय. तो म्हणाला, आज कापतो आपा. आणि आमच्यासाठी त्यानं मोटारी थांबवल्या.

मी ठरवून टाकलं की बाई सरकारच्या कुठल्यातरी गुप्त खात्यात होती. संध्याकाळी महाजनाला हळूच विचारलं. तो आधी पोट धरून हसला, मग एकदम गंभीर झाला. दर गुरुवारी संध्याकाळी कार्यक्रम संपताना आपा काचेच्या अगदी जवळ यायच्या आणि म्हणायच्या, हात बघू. अख्ख्या देशातली पोरं टीव्हीसमोर तळहात धरून बसायची.

मी विचारलं, त्या बघतायत असं वाटायचं?

"वाटायचं काय, बघायचीच. एकदा मी न धुता दाखवले, तर म्हणाली, कुणीतरी अजून हात धुतलेले नाहीत. अख्खं घर माझ्याकडं बघायला लागलं."

चाळिशीचा बाप्या, तीस रिक्षांचा मालक, आणि हे खरं मानतो. आमच्या चरावर वीज नव्हती. नदीतल्या वाळूच्या बेटावर तारा कोण ओढणार. आमचे हात कुणी बघितले नाहीत.

१८ फेब्रुवारी, रविवार

आठ दिवसांत एकवीस चित्रं पोचवली. पत्त्यावर माणूस सापडतोच असं नाही, पण कुणी ना कुणी सांगतं, तो आता तिकडं राहतो, चला दाखवतो. आज मालीबाग बाजारातला खाटीक होता. रक्ताळलेला सत्तूर हातात. आपांना बघितल्यावर सत्तूर टाकला, हात पाठीमागं लपवले आणि नळाकडं पळाला. गिऱ्हाईक ओरडतंय, माझं पाव किलो. हा नखं घासतोय.

त्याचा पोपट होता, लाल. चोच हिरवी. म्हणाला, रंग उलटे लागले होते, मी रडत होतो, तेव्हा तुम्हीच सांगितलं, चुकलं तर खोडायचं नाही, शेजारी पुन्हा काढायचा. तसं मी आजही करतो. आपांनी विचारलं, मांसाच्या धंद्यात ते कसं करता? तो म्हणाला, एखाद्याला कमी तोललं गेलं की पुढच्या वेळी जास्त घालतो. आपा हसल्या. मी मनात म्हटलं, पहिल्यांदाच नीट तोल की. 

हे काम मला आवडायला लागलं आहे. कुणी चहा देतं, कुणी मुरमुरे. कुणी मोठ्यानं रडतं. मी रिक्षावर बसून बघतो.

२४ फेब्रुवारी, शनिवार

आज माझ्यामुळं काहीतरी बिघडलं. काय ते मला नीट कळलेलं नाही.

आपा आज बाहेर पडल्या नाहीत, पाय सुजले होते. वर बोलावून चहा दिला. म्हणाल्या, चल, तुला एक गंमत दाखवते. कपाटातून वेगळं ठेवलेलं चित्र काढलं. पलंग, पलंगावर चूल, चुलीवर पातेलं, बाजूला बाई पाय पोटाशी घेऊन बसलेली. मागं लिहिलं होतं, तुतुल, वय ७, कदमतला, बासाबो. आपा सांगायला लागल्या, हे चित्र टीव्हीवर दाखवलं तेव्हा त्यांना हसूच आवरेना. म्हणाल्या होत्या, हे बघा आपले तुतुलभाऊ, यांच्याकडं पलंगावर स्वयंपाक होतो, मग झोपतात बहुतेक चुलीवर. कॅमेरावालासुद्धा हसला होता. पुढं कितीतरी दिवस लोक रस्त्यात भेटले की त्यांना ते वाक्य ऐकवायचे.

वाक्य चांगलंच होतं, मलाही हसू आलं. पण चित्रात हसण्यासारखं काही दिसेना. मी म्हटलं, बरोबर तर काढलंय. पलंगाच्या पायांखाली या चौकोनी चौकोनी विटा आहेत बघा. घरात पाणी शिरलं की पलंग विटांवर चढवतात, आणि मग जे काही करायचं ते पलंगावरच. दुसरीकडं जागा कुठं असते? या रेघा म्हणजे पाणी. आमच्याकडं दर दोन वर्षांनी असतंच. मी पलंगावरच्या चुलीचं खाऊनच वाढलोय.

आपांनी चित्र हातात घेतलं.  मग विचारलं, रेघा म्हणजे पाणी? मी म्हटलं, हो, आणि बोट ठेवून दाखवलं, इथपर्यंत, म्हणजे मोठ्या माणसाच्या मांडीइतकं.

"अठ्ठ्याऐंशी," त्या म्हणाल्या. "पुराचं वर्ष. माझ्याकडं तिसऱ्या मजल्यावर कुठलं पाणी. स्टुडिओची गाडी न्यायला यायची."

मग म्हणाल्या, तू जा आता. चहा तसाच राहिला, त्यांचा आणि माझा.

१ मार्च, गुरुवार

बाकीची चित्रं बंद. पेट्या तशाच पडल्या आहेत. आता रोज फक्त बासाबो. तुतुलभाऊ शोधायचे आणि माफी मागायची, विमानाच्या आधी. मी विचारलं, तीस वर्षांनी? त्या म्हणाल्या, रिक्षा काढ.

सापडणार कसं, हा प्रश्न आहे. चित्रावर घरचं नाव. इथं प्रत्येकाला दोन नावं, घरातलं एक आणि कागदावरचं एक. कागदावरच्या नावाचा माणूस दाखल्यावरून सापडतो. तुतुल म्हटलं की गल्लीत चार खिडक्या उघडतात. आत्तापर्यंत सहा तुतुल झाले. एक शिंपी, तो त्र्याऐंशीला नोआखालीहून आला पण तेव्हा वय वीस होतं. एक वकील, ज्याला ते नाव बायकोसमोर उच्चारलेलं आवडलं नाही. एक तुतुल वारला, त्याच्या आईनं आपांचा हात अर्धा तास धरून ठेवला. त्यानं कधी चित्र काढलं नव्हतं, एवढंच तिनं सांगितलं.

सगळे हात दाखवतात. आपा आता नखं बघत नाहीत. म्हणतात, राहू दे बाबा.

५ मार्च, सोमवार

आलम घाई करतोय. हॉटेलवाला सोळा तारखेपर्यंतच जागा ठेवणार. मी म्हटलं, येतो. आपांना अजून सांगितलेलं नाही. आज त्यांनी जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. दरवान म्हणतो, चार दिवस असंच चाललंय, तू काय सांगितलंस त्यांना? मी काय सांगणार. विटा आहेत तर विटा म्हणालो.

९ मार्च, शुक्रवार

महाजनाला सगळं सांगितलं. त्यानं पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, बाईला तुतुल पाहिजे ना, तुतुल देऊ. आपल्याकडं रिक्षांच्या मागच्या पत्र्यावर मोर आणि ताजमहाल रंगवतो तो खोकन मिस्त्री चाळिशीचा आहे, लहानपणी बासाबोतच होता, स्वभावानं गाय. तो म्हणेल मी तुतुल. बाई माफी मागेल, हा देईल. कुणाचं काय जातं?

मला पटलं. खोकनलाही पटवायला लागलं नाही. त्याला आपांना भेटायचंच होतं, कुठलंही नाव घेऊन.

११ मार्च, रविवार

लिहू नये असं वाटतंय, पण दुसऱ्या बाजूला पत्ता लिहून झाला आहे.

खोकन तुतुल बनून, नवा शर्ट घालून बासाबोत बसला होता. आपांनी चित्र पुढं ठेवलं आणि बोलायला लागल्या, तर हाच रडायला लागला. खरंखुरं. म्हणाला, आपा, मनाला लावून घेऊ नका, ती माझी मस्करी होती, तुम्ही हसलात ते बरोबरच होतं.  आपा म्हणाल्या, हात बघू. त्याच्या नखांत हिरवा रंग होता. त्यांनी त्याच्या तळहातावर हात ठेवला आणि छान म्हणाल्या. मला वाटलं, सुटलो.

परतताना खिलगावच्या रेल्वे फाटकापर्यंत आलो. फाटक पडलेलं होतं. मागून आवाज आला.

"चांगला माणूस आहे. कोण आहे तो?"

मी हँडल धरून पुढंच बघत राहिलो. मग सांगितलं. त्यांनी विचारलं, का केलंस? मी म्हटलं, तुम्ही जेवत नाही म्हणून. गाडी गेली, भली लांब मालगाडी होती. ती गेल्यावर त्या म्हणाल्या, "तो म्हणाला, तुम्ही हसलात ते बरोबर होतं. ज्याच्या घरात पाणी होतं तो असं म्हणेल का?"

घरापाशी उतरल्या. मला वाटलं आता म्हणतील, येऊ नकोस. तसं म्हणाल्या असत्या तर आज रात्रीच आलमबरोबर गाडीत बसलो असतो. पण म्हणाल्या, उद्या नऊला ये. आता नऊला कुठलं तोंड घेऊन जाऊ? आणि नाही गेलो तर त्या जिना उतरून खाली उभ्या राहतील.

१४ मार्च, बुधवार

आपांना बरं नव्हतं म्हणून आज मी एकटाच बासाबोत फिरलो. त्यांनी सांगितलं नव्हतं. कदमतल्याच्या चहाच्या टपरीवर बसलो होतो. समोरच्या गॅलरीतून एक बाई ओरडली, तुतुल, दूध कोण पिणार? मी सवयीनं मान वर केली, आणखी एक तुतुल. तर गल्लीतून दोन वेण्या उडवत एक पोरगी पळत गेली.

मी चहावाल्याला म्हटलं, ही तुतुल? तो म्हणाला, मग? तुतुल मुलाचंही असतं, मुलीचंही. तुमच्या चरावर नसतं असं?

आमच्या चरावर माझ्या मावसबहिणीचं नाव बादशा आहे. आणि तरी मी इतके दिवस दारोदार तुतुलभाऊ, तुतुलभाऊ करत हिंडलो. आपांनी एकदा टीव्हीवर भाऊ म्हटलं, आणि तीस वर्षं तो भाऊच राहिला. आम्ही दोघंही तेच धरून चाललो.

मग नीट विचारलं. अठ्ठ्याऐंशीला इथं राहणारी, आता सदतीसेक वर्षांची, बाई. चहावाला उकळी बघत म्हणाला, मशिदीमागच्या पत्र्याच्या घरातली तुतुल होती की. बाप लवकर गेला, आई आणि ही. दहा-बारा वर्षांपूर्वी मांड्याला गेल्या. मुलांना शाळेत नेणाऱ्या पॅडलच्या व्हॅन आहेत म्हणे तिच्या.

मांडा म्हणजे आमच्या गॅरेजची मागची गल्ली. मी रिक्षा अशी मारली की चेन पडली. महाजन म्हणाला, तीन जाळीच्या व्हॅनवाली? ती शाहीन आरा. दहा वर्षं माझ्याकडून टायर नेते. मी म्हटलं, तिचं घरचं नाव तुतुल आहे. महाजन वैतागला. बाईमाणसाला घरचं नाव विचारतात का, म्हणे.

१६ मार्च, शुक्रवार

आलम गेला. माझी फळी त्याच्या फळीला लागून आहे, ती आता रिकामी. जाताना म्हणाला, तुला काय मिळणार आहे यातून?   समुद्र बघितलेला नाही मी.

आपांना अजून काही बोललो नाही. एकदा खोटा तुतुल दिला आहे. आता आधी मी बघणार, मग सांगणार.

२० मार्च, मंगळवार

गेलो. अंगणात तीन व्हॅन, पत्र्याच्या, बाजूंना जाळी, मागं कडी. एका व्हॅनखाली बाई पाठीवर पडून ब्रेक घट्ट करत होती. मी बाहेरूनच विचारलं, तुतुल तुम्ही का? आतून पान्हा थांबला. म्हणाली, हे नाव कुणी दिलं? मी टीव्हीचं सांगितलं, आपांचं सांगितलं. ती बाहेर आली. हात ग्रीसनं काळे होते. तिनं ते दाखवले नाहीत, फडक्याला पुसले.

"काय पाहिजे तिला?"

"माफी मागायची आहे."

"कुणाची?"

मी म्हटलं, तुमची. ती म्हणाली, "माझी कशाला? चूल आईची होती."

मग उभ्या उभ्याच बोलली, मध्येमध्ये चाक फिरवून बघत. पाणी ओसरल्यावर शेजाऱ्यांकडं टीव्ही चालू झाला, त्या दिवशी दाराखिडकीत चाळीस माणसं होती. तुझं चित्र लागणार आहे म्हणून तिनंच आईला ओढून नेलं होतं. आपांनी वाक्य टाकलं आणि चाळीस माणसं हसली. त्यातल्या निम्म्यांनी आदल्या महिन्यात तशाच पलंगावर बसून जेवण केलं होतं. आई पदर सारखा करून घरी गेली. त्यानंतर गल्ली सोडेपर्यंत आईला सगळे चुलीवर झोपणारी म्हणायचे. भाजीवालासुद्धा.

मी विचारलं, तुम्ही नंतर चित्रं काढली का? म्हणाली, वेळ मिळाला नाही. मग म्हणाली, नाही, वेळ होता.

शुक्रवारी आण म्हणाली. आई काय करेल सांगता येत नाही. हाकलून दिलं तर निमूट निघायचं.

परतताना थेट आपांकडं गेलो. सगळं जसंच्या तसं सांगितलं, भाजीवाल्यासकट. काही गाळलं नाही. त्या म्हणाल्या, बरं केलंस.

२३ मार्च, शुक्रवार

पान पुरणार नाही, पत्त्याच्या बाजूलाही लिहितो.

आपांनी मिठाई घ्यायला सांगितली आणि दुकानापुढं रिक्षा थांबल्यावर नको म्हणाल्या. रिकाम्या हातानं जाऊ म्हणाल्या. वाटेत दोनदा विचारलं, आईचं नाव काय. आंबिया खातून, मी दोनदा सांगितलं.

आंबिया खाला दारातल्या स्टुलावर बसली होती. बारीक, काटक, माझ्या आजीसारखी नाकपुडी उडणारी. तुतुल मागं हाताची घडी घालून उभी. आपांनी चित्र स्टुलापाशी ठेवलं आणि हळू आवाजात बोलल्या. टीव्हीवर त्या अशाच बोलायच्या म्हणतात. खालानं कानामागं हात धरला. तुतुल म्हणाली, आईला कमी ऐकू येतं, मोठ्यानं बोला.

आपांनी मोठ्यानं सांगितलं. खाला म्हणाली, आं?

मग आपा ओरडून बोलल्या. मी त्यांना ओरडताना पहिल्यांदाच ऐकलं. "मी तुमच्या घरावर हसले. सगळ्या देशासमोर हसले. मला कळलं नव्हतं. पण विचारता आलं असतं, आणि मी विचारलं नाही."

शेजारच्या खोल्यांतून माणसं बाहेर आली. एक जण दाढीला साबण लावूनच आला. नळावरच्या बायकांनी नळ बंद केला. सगळी गल्ली ऐकत होती, आणि आपांनी आवाज उतरवला नाही. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. मला मध्ये पडून म्हणावंसं वाटलं की पुरे आता, पण तुतुलनं माझ्याकडं असं बघितलं की मी जागेवरच राहिलो.

खालानं चित्र उचललं. डोळ्यांपासून लांब धरलं.  म्हणाली, एकेका पायाखाली विटा चारच काढल्यात. तुतुल म्हणाली, आठ होत्या. खाला म्हणाली, दहा, तू लहान होतीस, तुला वरच्याच दिसायच्या.

मग आपांना विचारलं, "पलंगावर चूल मांडतात कशी, माहीत आहे?"

आपा म्हणाल्या, नाही.

"काय शिकवत होतात मग मुलांना?"

 खाला उठली. म्हणाली, तुतुल, विटा घे. तुतुल म्हणाली, अम्मा, आत्ता? खाला आत जाऊन गादी गुंडाळायलाच लागली होती. मी, दाढीवाला आणि तुतुल मिळून पलंग उचलला, प्रत्येक पायाखाली विटा सारल्या. खाला आपांना दाखवत होती. आधी पत्रा, पत्र्यावर ओलं पोतं, पोत्यावर चार बोटं माती. मातीत कंजुषी केली की फळी जळते, आणि फळी जळली की झोपायचं कुठं? मग चूल, भिंतीपासून दूर, तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला. आपा मान हलवत होत्या आणि विचारत होत्या, माती ओली की सुकी, पोतं किती वेळानं भिजवायचं. खालानं त्यांचा हात धरून त्यांना पलंगावर चढवलं. म्हणाली, पाय वर घ्या, खाली पाणी आहे. आपांनी ते सुजलेले पाय वर घेतले.

पेटवायचं काम खालानं त्यांनाच दिलं. आपांनी चुलीत आधी एक जाडजूड लाकूड घातलं, त्यावर दुसरं, आणि वरून काडी लावली. मला दिसत होतं काय होणार ते. धूर झाला. त्यांनी फुंकर मारली, राख उडाली ती सगळी त्यांच्याच तोंडावर. चष्मा पांढरा. दुसरी काडी, तिसरी काडी. त्या डोळे पुसायला गेल्या आणि काजळीचा पट्टा गालभर ओढला.

खाला हसायला लागली. आधी नुसते खांदे, मग आवाज. पोट धरून हसली, दात नसलेलं तोंड उघडं टाकून, पलंग हलेपर्यंत. तुतुल म्हणाली, अम्मा, असं हसू नये पाहुण्यांना. खालाला ते बरोबर ऐकू गेलं.

"का? सुरुवात कुणी केली?"

आपा तशाच धुरात बसून होत्या, चष्मा हातात. त्या म्हणाल्या, हसू द्या. मग त्यांनाच हसू आलं, आणि दारातल्या सगळ्यांना, आणि शेवटी तुतुललाही, पण ती तोंड फिरवून हसली. तुतुल पलंगावर चढली, ती जाड लाकडं उपसून बाजूला टाकली आणि फुंकणी आपांच्या हातात दिली.

खिचडी झाली. दाढीवाल्यानं कांदे आणून दिले, कुणी मिरच्या. पलंगावर आम्ही पाच जण बसलो, पाय वर घेऊन, आणि उरलेले दारात. मी तीनदा घेतली. आपांनी दोनदा. बऱ्याच दिवसांनी त्यांना जेवताना बघितलं.

निघताना आपांनी चित्र पुढं केलं, हे तुमचं. खाला म्हणाली, ठेवा तुम्हीच, तिकडं थंडीच्या देशात कुणी हसलं तर सांगता येईल आता. तुतुल फाटकापर्यंत आली. रिक्षाचं टप नीट बसत नव्हतं, ते तिनं एका ठोक्यात बसवलं.

मांड्याहून बाहेर पडल्यावर आपा म्हणाल्या, आतोवार, मी लाकडं चुकीची लावत होते ना? मी म्हटलं, हो. म्हणाल्या, तुला दिसत होतं, मग बोलला का नाहीस? मी म्हटलं, तुम्ही विचारलं नव्हतं.

थोडं अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं, मग कशी लावायची? मी पॅडल मारत सांगायला लागलो. आधी सुकं गवत, सैल. त्यावर काटक्या, बोटाहून बारीक, एकमेकींवर आडव्या, मध्ये हवेला वाट ठेवून. जाड लाकूड सगळ्यात शेवटी, तेही एकच. त्यांनी विचारलं, पावसात गवत सुकं कुठून आणता? मी म्हटलं, छपराच्या आतल्या बाजूचं उपसायचं. आणि छप्पर गळायला लागलं की? मी म्हटलं, तोवर पाणी उतरतं. शांतिनगर येईपर्यंत त्या विचारत होत्या आणि मी सांगत होतो. गेटवर दरवान धावत आला, पण त्या उतरल्या नाहीत. म्हणाल्या, थांब जरा, याचं अजून संपलेलं नाही.